अठराव्या दिवसाची मरतूक: मुळशीतील एका अराउकाना कळपाचे प्रकरण

मुळशी तालुक्यात, पौड रस्त्यापासून थोडे आत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि त्यांचा भाचा यांनी मिळून अराउकाना कोंबड्यांचा छोटा कळप जोपासला आहे. अंडी किंवा मांस विकणे हा त्यांचा उद्देश नाही. निळी अंडी घालणारी दक्षिण अमेरिकेतील ही जुनी जात आपल्याकडे नीट टिकावी आणि तिची पिले जबाबदार पालकांच्या हाती जावीत, एवढ्यासाठी त्यांचा हा उद्योग चालतो. या कळपाच्या उबवणीत लागोपाठ दोन हंगाम एकच तक्रार होती. अंडी फलित निघत, गर्भ वाढीला लागे, दिव्यासमोर धरल्यावर आतली हालचालही जाणवे, आणि तरीही एकविसावा दिवस उलटून गेल्यावर फलित अंड्यांपैकी जवळजवळ निम्मी अंडी तशीच पडून राहत. ती फोडली की आत अंगावर लव आलेले, चोच आणि नखे तयार झालेले पिलू मेलेले सापडे. चांगल्या उबवणी केंद्रात शेवटच्या काही दिवसांतली मरतूक सहसा शेकडा तीन-चारच्या पुढे जात नाही. इथे ती कित्येक पटींनी जास्त होती.

मला बोलावले गेले तेव्हा सगळा संशय उबवणी यंत्रावर होता. आधी तापमान नियंत्रक बदलला होता, मग यंत्रच बदलले होते, वीज गेली तरी उष्णता टिकावी म्हणून इन्व्हर्टर बसवला होता. मरतूक थोडी हलली, पण हटली नाही. या प्रकरणातून मी ज्या निष्कर्षाला आलो तो आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा तपशील त्याच्याच आधारासाठी आहे. मरतुकीची कारणे दोन होती आणि ती एकमेकांत मिसळली होती. एक यंत्रात होते व ते दुरुस्त होण्यासारखे होते. दुसरे नर-मादीच्या निवडीत होते. ज्या निवडीमुळे चौथा हिस्सा गर्भ मरत होते, त्या निवडीतून पालकांना अपेक्षित असलेला फायदा एका पिलाचाही होत नव्हता.

जातीची घडण

या मरतुकीचे मूळ जातीच्या इतिहासात असल्यामुळे तो थोडा पाहावा लागतो. चिलीच्या दक्षिण भागातील अराउकानिया हा मापुचे लोकांचा प्रदेश आहे. तिथल्या कोंबड्यांमध्ये दोन ठळक प्रकार होते. बिनशेपटीच्या व निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना कोल्लोंका म्हणत, तर शेपटी असलेल्या पण कानांजवळ पिसांचे झुपके असलेल्या पक्ष्यांना केत्रो म्हणत. रुबेन बुस्तोस या चिलीतील संगोपकाने या दोन्हींचा संकर करून बिनशेपटीचा, झुपकेदार, निळ्या अंड्यांचा पक्षी तयार केला. साल्वादोर कास्तेयो हे स्पेनमधील कुक्कुटशास्त्राचे प्राध्यापक १९१४ मध्ये चिलीत गेले असताना त्यांनी हे पक्षी पाहिले. १९२१ मध्ये हेग येथे भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांनी त्यांची माहिती मांडली आणि ‘गॅलस इनॉरिस’ असे वेगळ्या प्रजातीचे नावही सुचवले. ती वेगळी प्रजाती नाही हे पुढे स्पष्ट झाले, पण तोवर युरोप-अमेरिकेतील हौशी संगोपकांचे लक्ष या कोंबड्यांकडे वळले होते.

पुढे देशोदेशी या रक्तातून वेगवेगळ्या जाती घडल्या. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १९७६ मध्ये अराउकानाला मान्यता दिली, ती बिनशेपटीच्या आणि कानझुपके असलेल्या पक्ष्याला. १९८४ मध्ये त्याच संस्थेने अमेरौकाना ही स्वतंत्र जात मान्य केली. तिला शेपूट असते, गालांवर कल्ले व खाली दाढी असते आणि कानझुपके नसतात. ब्रिटनमधील अराउकाना मात्र शेपटीची, कल्ल्यांची आणि डोक्यावर तुर्रेदार पिसे असलेली आहे. आपल्याकडे हौशी पक्ष्यांच्या बाजारात निळी किंवा हिरवट अंडी देणारी कोणतीही कोंबडी ‘अराउकाना’ म्हणून विकली जाते. मुळशीचा कळप असाच दोन-तीन ठिकाणांहून घेतलेल्या पक्ष्यांवर उभा राहिलेला असल्याने त्यात कोणाला शेपूट, कोणाला नाही, कोणाला झुपके, कोणाला कल्ले, असा मेळ होता. पशुधन आयात कायदा १८९८ खाली परवाना आणि विलगीकरण यांशिवाय परदेशातून पक्षी किंवा उबवणीची अंडी आणता येत नाहीत. त्यामुळे आहे त्या रक्तावरच काम करणे भाग होते, आणि म्हणूनच प्रत्येक वाया गेलेल्या गर्भाचे मोल अधिक होते.

कोलंबसाच्या आधी पॉलिनेशियन दर्यावर्दींनी या कोंबड्या चिलीत नेल्या का, हा वाद इथे सोडवण्याचे कारण नाही, पण जातीबद्दल आस्था असणाऱ्याला तो ठाऊक असावा. चिलीतील एल अरेनाल येथे सापडलेल्या कोंबडीच्या हाडाचा काळ चौदाव्या शतकाच्या आसपासचा ठरवणारा अभ्यास २००७ मध्ये आला आणि त्याने खळबळ उडवली. त्यानंतरच्या जनुकीय अभ्यासांनी त्या निष्कर्षाला आव्हान दिले. वाद अजून मिटलेला नाही.

निळ्या रंगाविषयी मात्र आता बरेच निश्चित ज्ञान आहे. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडून आला तरी दिसतो, हे आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी त्याचे कारण शोधले. कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रावरील एका जनुकाजवळ फार पूर्वी एका विषाणूचा जनुकीय तुकडा घुसून बसला आणि त्यामुळे ते जनुक कवच तयार करणाऱ्या ग्रंथीत जोमाने काम करू लागले. परिणामी बिलिव्हर्डिन हे पित्तवर्गीय रंगद्रव्य कवचात उतरते. तपकिरी अंड्याचा रंग बराचसा वरच्या थरात असतो. निळा रंग कवचाच्या आरपार असतो, त्यामुळे निळे अंडे फोडले तर आतल्या बाजूनेही निळेच दिसते. उबवणी करणाऱ्याच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा की दिव्यावर पाहताना या अंड्यांतून प्रकाश कमी जातो आणि सातव्या दिवशी पांढऱ्या अंड्यात जे सहज दिसते ते इथे संदिग्ध राहते. मुळशीत सातव्या दिवशीच ‘रिकामी’ ठरवून काही अंडी काढली जात होती. ती तपासणी दहाव्या दिवसावर नेली, खोलीत पूर्ण अंधार केला आणि अरुंद झोताची तेजस्वी विजेरी वापरली, तेव्हा फलित अंड्यांची नोंद विश्वासार्ह झाली. मरतुकीचे प्रमाण काढायचे तर भागणारा आकडा आधी खरा असावा लागतो.

यंत्राच्या वाट्याचे

यंत्र बदलण्याआधी मोजमाप तपासायला हवे होते. उबवणीला पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस तापमान लागते आणि अर्ध्या अंशाचा सततचा फरकही पिलांवर दिसतो. स्वस्त डिजिटल तापमापकांच्या मोजणीत एवढी चूक सहज असू शकते. घरात प्रत्येकाकडे असलेला ताप पाहण्याचा थर्मामीटर याच पट्ट्यात अचूक असतो, म्हणून तोच प्रमाण मानून यंत्राचा तापमापक पडताळला आणि तो ठीक निघाला. आर्द्रतामापकासाठी मिठाची कसोटी वापरली. बंद डब्यात ओलसर मिठाच्या लगद्याशेजारी काही तास ठेवलेल्या मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. त्याने ते बरेच कमी दाखवले. म्हणजे पालक ज्या आर्द्रतेला ५० टक्के समजत होते ती प्रत्यक्षात ६० च्या वर होती.

मुळशीच्या पावसाळ्यात ही चूक फार महागात पडते. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन बाष्पीभवनाने सुमारे १२ ते १३ टक्के घटले पाहिजे. पन्नास ग्रॅमचे अंडे अठराव्या दिवशी साधारण ४४ ग्रॅमचे भरले पाहिजे. त्या घटीतून अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी तयार होते, आणि पिलू कवच फोडण्याआधी चोच त्या पोकळीत घालून पहिला श्वास घेते. घट कमी झाली तर पोकळी लहान राहते, पिलू फुगलेले व ओले राहते आणि चोच मारता मारता गुदमरते. मुळशीतली अंडी अठराव्या दिवशी वजन करून पाहिली तेव्हा घट आठ-नऊ टक्केच होती.

इथे एक साधे भौतिकशास्त्र लक्षात घ्यावे लागते, जे यंत्रासोबत येणाऱ्या पुस्तिकेत नसते. पावसाळ्यातली २४ अंशांची आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप ४० टक्क्यांच्या आसपास उतरते. याचा अर्थ जुलैत पहिल्या अठरा दिवसांत पाण्याचे भांडे जवळजवळ लागतच नाही. याउलट एप्रिलच्या दुपारी पुण्याची ३८ अंशांची कोरडी हवा यंत्रात जाते तेव्हा आतली आर्द्रता १५ टक्क्यांपर्यंत कोसळते आणि दोन भांडीही अपुरी पडतात. बाराही महिने दोन भांडी भरून ठेवण्याची पद्धत म्हणूनच चुकीची ठरते. भांड्याकडे न पाहता अंड्याच्या वजनाकडे पाहायचे, चार-पाच दिवसांनी ट्रे तोलायचा आणि घट कमी असेल तर पाणी काढायचे, जास्त असेल तर वाढवायचे, अशी शिस्त लावली. शेवटच्या तीन दिवसांत मात्र कवचाच्या आतला पडदा सुकू नये म्हणून ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवणे प्रत्येक ऋतूत आवश्यकच असते.

अंडी साठवण्याचा प्रश्नही होता, पण तो उन्हाळ्यापुरता. साधारण २१ अंशांच्या वर गर्भ मंद गतीने वाढू लागतो आणि अर्धवट वाढून दुबळा होतो. पुण्याच्या मे महिन्यात कोणत्याही खोलीत हे तापमान ओलांडले जाते. त्या काळात अंडी पाच दिवसांपेक्षा जास्त साठवायची नाहीत, एवढ्यावर हा विषय मिटला.

दोन प्रकारचे मृत्यू

न फुटलेली अंडी फेकून न देता एकेक फोडून पाहणे हे या प्रकरणातले सर्वांत उपयोगी काम ठरले. ते मनाला जड जाते. बाईंना पहिल्या वेळी ते पाहवले नाही आणि भाच्यानेच नोंदी केल्या. पण त्या नोंदींशिवाय पुढचे काहीच कळले नसते, कारण मेलेली पिले एकसारखी नव्हती.

काही पिले ओली, चिकट, सुजलेल्या मानेची होती. त्यांच्या पोटात बलक जवळजवळ पूर्ण ओढला गेलेला होता, काहींनी कवचाला टवकाही पाडला होता. ही पिले विसाव्या दिवसापर्यंत किंवा त्यानंतरही जिवंत होती आणि जास्तीच्या ओलाव्याने गेली. दुसऱ्या गटातली पिले आकाराने थोडी लहान होती, त्यांचा बलक अजून पोटाबाहेरच होता आणि चोच हवेच्या पोकळीत पोहोचलेली नव्हती. बलक पोटात ओढला जाण्याची क्रिया साधारण अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी सुरू होते. म्हणजे ही पिले त्याआधीच, कवच फोडण्याची वेळ येण्यापूर्वीच मेली होती. यातील बहुतेकांच्या दोन्ही कानांजवळ झुपक्याची मांसल घडी होती आणि कानाच्या भागाची रचना बिघडलेली होती.

दुसरा गट यंत्राने मारलेला नाही, अशी शंका मला तेव्हाच आली. ती पडताळण्यासाठी शेजाऱ्यांकडची गावरान अंडी त्याच दिवशी त्याच ट्रेमध्ये बसवली आणि अराउकानाची काही अंडी दोन खुडूक गावरान कोंबड्यांखाली ठेवली. पाण्याची शिस्त लागल्यानंतर गावरान अंड्यांतून जवळजवळ सगळी पिले निघाली. अराउकानाच्या अंड्यांतली ओल्या पिलांची मरतूकही थांबली. पण सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसांदरम्यान मरणारा गट तसाच राहिला, यंत्रातही आणि कोंबडीखालीही. हा गट फलित अंड्यांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा थोडा जास्त होता.

हा पुरावा बळकट असला तरी पुरेसा नव्हता. गावरान कोंबड्या अंगणात चरणाऱ्या आणि अराउकाना बंदिस्त जागेत बाजारी खाद्य खाणाऱ्या, त्यामुळे जीवनसत्त्वांच्या अभावाची शक्यता उरतेच. रायबोफ्लेविन कमी पडले तरी गर्भ कवचात मरतात. मेलेल्या पिलांचे नमुने औंधच्या रोग अन्वेषण विभागात तपासून घेतले, त्यात साल्मोनेला हा रोगजंतू आढळला नाही. खाद्याचा संशय मात्र त्याच कळपातल्या, तेच खाद्य खाणाऱ्या पक्ष्यांच्या वेगळ्या जोड्या लावूनच दूर होणार होता.

जोड्यांचे गणित

कळपातील पैदाशीचे पक्षी कसे निवडले होते, हे विचारल्यावर सगळा उलगडा झाला. “दोन्ही बाजूंना सारखे झुपके असलेलेच ठेवायचे, बाकीची पिले देऊन टाकायची, असं मावशीला मीच सांगितलं होतं,” असे भाच्याने सांगितले. त्यामागचा विचार सरळ होता. उत्तम नर आणि उत्तम मादी घेतली तर संतती उत्तम होईल आणि काही पिढ्यांत झुपके पक्के होतील, असे कोणालाही वाटेल. इतर बहुतेक गुणांच्या बाबतीत ते खरेही असते.

कानझुपक्यांचे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर आहे आणि ते प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आले तरी झुपका येतो. पण तेच जनुक दोघांकडूनही आले तर गर्भ सतराव्या ते एकोणिसाव्या दिवसांत मरतो. यामुळे जगात जिवंत असलेला प्रत्येक झुपकेदार पक्षी त्या जनुकाची एकच प्रत बाळगतो. झुपका कितीही भरघोस असो, दोन्ही बाजूंना असो की एका, तो पक्षी त्या गुणासाठी शुद्ध असूच शकत नाही आणि कितीही पिढ्या निवड केली तरी शुद्ध होणार नाही.

आता शंभर फलित अंडी घेऊ. नर आणि मादी दोघेही झुपकेदार असतील तर सरासरीने २५ गर्भ दोन प्रती घेऊन मरतात, ५० पिले झुपकेदार होतात आणि २५ बिनझुपक्याची. जोडीतला एकच पक्षी झुपकेदार असेल तर ५० झुपकेदार, ५० बिनझुपक्याची, आणि दोन प्रती असलेला गर्भ एकही नाही. दोन्ही जोड्यांत झुपकेदार पिले पन्नासच. झुपकेदाराला झुपकेदार जोडल्याने निघालेल्या पिलांत झुपक्यांचे प्रमाण दोन-तृतीयांश दिसते आणि आपण प्रगती करत आहोत असा भास होतो. प्रत्यक्षात वाढलेले काहीच नसते. बिनझुपक्याची निम्मी पिले कमी झालेली असतात आणि त्यांच्या जागी कवचात मेलेली पिले असतात. हे गणित कागदावर मांडून दाखवले तेव्हा बाईंनी जुन्या वहीतल्या नोंदी काढून स्वतः पडताळून पाहिल्या. निघालेल्या पिलांतील झुपकेदारांचे प्रमाण वहीतही दोन-तृतीयांशाच्या जवळपासच होते.

यानंतरच्या हंगामात तीन खुराडी केली. दोन खुराड्यांत झुपकेदार नर व बिनझुपक्याच्या माद्या आणि तिसऱ्यात याच्या उलट. खाद्य, पाणी, यंत्र यांत काहीही बदल केला नाही. उशिराची मरतूक झपाट्याने उतरली आणि खाद्याचा संशय तिथेच संपला. झुपकेदार पिलांची संख्या आधीच्या ट्रेइतकीच राहिली.

मरतूक शून्यावर मात्र आली नाही. याची दोन कारणे आहेत. एक प्रत असलेल्या गर्भांमध्येही मृत्यूचे प्रमाण साध्या गर्भांपेक्षा जास्त असते, ही या जनुकाची अंगभूत किंमत आहे. दुसरे असे की हे जनुक असूनही काही पक्ष्यांत झुपका दिसत नाही, किंवा कानाजवळच्या घडीवर एखाददुसरे पीस एवढाच असतो. असा पक्षी ‘बिनझुपक्याचा’ समजून झुपकेदाराला जोडला गेला की जुनीच गत होते. म्हणून पिलू निघाले की पहिल्याच दिवशी कानाच्या खालच्या बाजूला बोटाने चाचपून मांसल उंचवटा आहे का ते पाहावे आणि पायात रंगीत कडे घालून नोंद करावी. पिसे वाढली की उंचवटा झाकला जातो. कल्ल्यांशीही याची गल्लत होते. कल्ले गालावरच्या त्वचेतून सरळ उगवतात, त्यांचे जनुक निराळे आहे आणि त्याने कोणी मरत नाही. मुळशीत झुपकेदार म्हणून जपलेल्या दोन माद्या तपासल्यावर नुसत्या कल्लेदार निघाल्या.

झुपके ठेवावेतच का, असा प्रश्न विचारला जातो आणि तो टाळण्यासारखा नाही. झुपकेदार केत्रो हा या जातीच्या मूळ रूपाचा भाग आहे आणि तो नाहीसा होऊ नये, असे माझे मत आहे. पण तो राखण्यासाठी गर्भांचा एवढा बळी देण्याची गरज नाही, हे गणितच सांगते. म्हणून झुपकेदार-झुपकेदार जोडी लावणे ही माझ्या मते अकारण क्रूरता आहे, आणि हे माहीत झाल्यावर ती कोणीही लावू नये. बिनझुपक्याची भावंडे निकृष्ट नाहीत. ती तितकीच निळी अंडी घालतात आणि पुढच्या पिढीच्या जोड्या त्यांच्याशिवाय लागत नाहीत.

शेपूट, तुरा आणि असील

दहाव्या दिवशी रिकामी ठरणारी अंडी हा वेगळा प्रश्न होता, आणि ती मुख्यतः बिनशेपटीच्या नराच्या खुराड्यात सापडत. बिनशेपटीच्या पक्ष्यांना शेपटीकडचे मणके नसतात, गुदद्वाराभोवती दाट पिसे जमतात आणि संयोग नीट होत नाही. त्या पिसांची छाटणी केल्यावर फलितता सुधारली. अनुभवी संगोपक पाठ आखूड होत जाऊ नये म्हणून मधूनमधून शेपटीचे पक्षी जोडीत वापरतात, तसेच इथेही केले. बिनशेपटीच्या पक्ष्यांत शेपटीच्या मुळाशी असणारी तेलग्रंथीही नसते आणि त्यांची पिसे पाणी धरतात, ही गोष्ट मुळशीच्या पावसात विसरून चालत नाही. जून ते सप्टेंबर त्यांना उघड्यावर सोडणे बंद केले.

तुऱ्याविषयी एक धडा पुण्यातल्या पालकांना विशेष उपयोगी आहे. निळ्या अंड्याचे जनुक आणि वाटाणा तुऱ्याचे (तीन बुटक्या रांगांच्या तुऱ्याचे) जनुक पहिल्या गुणसूत्रावर इतकी जवळजवळ आहेत की ती सहसा एकत्रच पुढे जातात. शेकड्यात तीन ते पाच वेळाच त्यांची ताटातूट होते. त्यामुळे एकेरी तुऱ्याच्या गावरान कोंबडीशी संकर केला तर वाटाणा तुऱ्याच्या तलंगा (तरुण कोंबड्या) निळसर अंडी घालतील आणि वाटाणा तुऱ्याचा कोंबडा निळ्याचे जनुक बाळगत असेल, असा अंदाज बांधता येतो. कोंबड्याच्या बाबतीत याला मोल आहे, कारण तो अंडे घालून स्वतःचा गुण दाखवत नाही. मुळशीत मात्र अंगबांधा सुधारावा म्हणून मध्यंतरी एक असील नर आणला गेला होता. असीलला वाटाणा तुरा असतो आणि निळ्याचे जनुक नसते. त्याच्या संततीत तुरा पाहून नर निवडले गेले आणि काही तलंगांची अंडी बदामी निघाली तेव्हा कोणालाच कारण कळेना. असील ही आपली अभिमानाची जात आहे, पण तिच्या रक्तानंतर तुरा ही खूण निरुपयोगी होते. त्या शाखेतील नर आता त्यांच्या मुलींच्या अंड्यांचा रंग पाहूनच ठेवले जातात.

पुढील हंगामाची आखणी

मरतुकीची दोन कारणे हटल्यावर तिसरे, मंद गतीचे कारण दिसू लागले. सगळे पक्षी एकमेकांचे नातलग होत चालले होते. एक नर आणि दहा माद्या असा कळप दिसायला अकरा पक्ष्यांचा असतो. नर आणि माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला त्यांच्या बेरजेने भागले की कळपाची ‘परिणामी संख्या’, म्हणजे पैदाशीच्या हिशेबात तो खरोखर किती पक्ष्यांइतका आहे तो आकडा, मिळते, आणि ती इथे चारपेक्षाही कमी भरते. अशा कळपात प्रत्येक पिढीला अंतःप्रजनन सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, आणि त्याचा पहिला फटका अंड्यांच्या फलिततेला व उबवणीलाच बसतो. चार नर आणि बारा माद्या ठेवल्या तर तीच परिणामी संख्या १२ होते आणि वाढ चार टक्क्यांच्या आसपास येते. खर्च फार वाढत नाही, फक्त नरांसाठी वेगळी जागा लागते. म्हणून चौथे खुराडे बांधायला घेतले आहे. त्यानंतर दरवर्षी मुली आपापल्या खुराड्यात राहतील आणि नर पुढच्या खुराड्यात जातील, अशी फिरती पद्धत ठरली आहे.

कळप एकाच जागी ठेवण्याचा धोकाही चर्चेत आला. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला तेव्हा बाधित परिसरातले निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट करावे लागले. रोग आवरण्यासाठी ते आवश्यक असते आणि त्यातून दुर्मीळ जातीला सूट मिळत नाही. मुळशीचा कळप उद्या अशा टापूत सापडला तर इतक्या वर्षांची निवड एका दिवसात संपेल. यासाठी दोन खुराड्यांइतके पक्षी, झुपकेदार आणि बिनझुपक्याचे अशा दोन्ही प्रकारचे, पुरंदर तालुक्यातील एका नातेवाइकांकडे ठेवायचे ठरले आहे. मुळशीच्या मानाने तिथली हवा कोरडी असल्यामुळे यंत्रातल्या पाण्याचे वेळापत्रक तिथे नव्याने, अंडी तोलूनच, बसवावे लागेल. त्या घरच्यांनी पायाच्या कड्यांची नोंदवही आधीच मागून घेतली आहे आणि पहिली अंडी दिवाळीनंतर, हवा थंड झाल्यावर बसवली जातील.